खारे भात, कोरडी हवा : बियाण्यांच्या वाटेने गोव्यातले चार दिवस

यंदा ऑक्टोबरात आमच्या कुडाळजवळच्या बीजोत्पादनाच्या भातावर, नेमक्या कापणीच्या आठवड्यात, लागोपाठ तीन संध्याकाळी गडगडाटासह पाऊस कोसळला. निम्मे भात आडवे झाले आणि चौथ्या दिवशी आडव्या लोंब्यांना जागच्या जागी मोड आलेले दिसले. मोड आलेले भात कोंबड्यांना चालते, फार तर घरच्या भाकरीला चालते; बियाणे म्हणून ते त्याच क्षणी संपलेले असते. आमच्या गटातल्या सहाही जणांना हा अनुभव नवीन नव्हता, परंतु या वेळी एकाने सरळ विचारले की कोकणच्या हवेत बियाणे पिकवण्याचा हट्ट आपण का धरतो आणि घाटावरच्या लोकांशी बसून एकदा बोलत का नाही. त्या प्रश्नातून हा प्रवास ठरला. सत्तरी तालुक्यातल्या केरीला सोमवारी बैठक, आणि ओळखीतले बेळगावकडचे व गोव्यातले काही बीजोत्पादक तिथे येणार, एवढे निश्चित झाल्यावर मी आणि आमच्यातले सर्वांत वडीलधारे, निवृत्त कृषी पर्यवेक्षक काका, असे दोघे शुक्रवारीच निघालो.

पहिला दिवस, शुक्रवार : म्हापसा आणि जुने गोवे

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सकाळी आठच्या आत पोहोचावे, कारण बियाणे विकणाऱ्या बायका दहानंतर उन्हाला कंटाळून आवरू लागतात. भात कापून झाले की गोव्यातल्या रिकाम्या मळ्यांत मिरची, तांबडी भाजी, मुळा आणि अळसांदे (चवळीचा एक प्रकार) यांची लगबग सुरू होते, आणि त्यासाठी लागणारे गावठी बी अजूनही या बाजारात वाटीच्या मापाने मिळते. एका मावशींनी मिरचीचे बी राखेत घोळवून कापडात बांधून आणले होते. त्यांच्याच पाटीत सात शिरांच्या भेंडीचे वाळलेले तुरे होते. या भेंडीला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हे काकांनी सांगितल्यावर मावशी म्हणाल्या, "मानांकन असू दे, बाबा, पण पहिल्या तोड्याची भेंडी बियाला ठेवू नका. दुसऱ्या-तिसऱ्या तोड्याची ठेवा, झाडाने अंग धरलेले असते."

चार पावलांवरच्या दुकानात संकरित भाज्यांची चकचकीत पाकिटे टांगलेली होती. कंपन्या निरनिराळ्या असल्या तरी त्या बियाण्याचे माहेर बहुधा दोन-तीनच असते. हावेरी जिल्ह्यातले राणेबेन्नूर किंवा आपल्याकडचे बुलढाणा जिल्ह्यातले देऊळगाव राजा येथे शेकडो कुटुंबे मादी झाडाच्या फुलातले पुंकेसर चिमट्याने काढून, दुसऱ्या सकाळी हाताने परागीकरण करून हे बी तयार करतात. म्हणजे राज्याराज्यांतला बियाण्याचा व्यापार आम्ही बैठक घेऊन सुरू करणार होतो असे मुळीच नाही. तो म्हापशाच्या खिळ्याला आधीच टांगलेला होता. फक्त त्यात गोव्याची आणि सिंधुदुर्गाची भूमिका गिऱ्हाइकाची होती.

येथे एक व्यावहारिक सूचना. पैदासकार बियाणे वाढवून पायाभूत बियाणे होते आणि ते वाढवून शेतकऱ्याला मिळणारे प्रमाणित बियाणे. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीवर निळी खूणचिठ्ठी असते, पायाभूत बियाण्यावर पांढरी आणि पैदासकार बियाण्यावर सोनेरी पिवळी. चिठ्ठीवरची चाचणीची तारीख अवश्य वाचावी, कारण तिची मुदत चाचणीपासून नऊ महिन्यांची असते. पक्के बिल घ्यावे आणि पेरणी झाल्यावरही मूठभर बी, पिशवी व चिठ्ठी जपून ठेवावी. आमच्यापैकी एकाने गेल्या वर्षी पिशवी चुलीत घातली आणि तक्रारीच्या वेळी हात चोळत बसला.

दुपारी जुन्या गोव्याला एला येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत गेलो. चर्चच्या वाटेने जाणाऱ्या पर्यटकांपैकी हजारात एकालाही ठाऊक नसेल की त्या परिसराच्या शेजारीच गोव्याच्या खाऱ्या भाताचे पुढचे आयुष्य ठरते. खाजन, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या, जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या पेरल्या जाणाऱ्या कोरगूट या भातातून निवड पद्धतीने काढलेले 'गोवा धान 1' आणि 'गोवा धान 2' हे वाण याच संस्थेचे. संकर करून नवे काही घडवलेले नाही. शेतकऱ्यांच्या मिश्र कोरगुटातून एकसारखी, खार सोसणारी झाडे वेगळी काढून त्यांचे वाण स्थिर केले आहेत. प्रयोगक्षेत्रावर ओळीने उभे असलेले ते भात पाहताना काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्या पनवेलच्या खारभूमी केंद्राने पनवेल 1, 2, 3 काढले, केरळात वैटिल्याच्या केंद्राने पोक्काळीच्या खाऱ्या शेतांसाठी वाण काढले, इथे यांनी हे काढले. प्रत्येकाने आपापल्या खाडीपुरते."

संस्थेला भेट द्यायची असेल तर कामाच्या दिवशी आणि आधी कळवून जावे. उत्तर गोव्याचे कृषी विज्ञान केंद्रही त्याच आवारात आहे. बियाणे हवे असल्यास हंगामाच्या दोन-तीन महिने आधी मागणी नोंदवणे शहाणपणाचे.

दुसरा दिवस, शनिवार : दिवाडी

सकाळी जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली. दहा मिनिटांच्या त्या प्रवासात हवा बदलते. पलीकडे उतरल्यावर मिठाचा आणि ओल्या पेंढ्याचा एकत्र वास येतो. काकांच्या मावसबहिणीचे सासर दिवाडीला असल्यामुळे राहण्या-जेवण्याचा प्रश्न नव्हता. त्या घरच्या वहिनींनी उकड्या तांदळाची पेज, सोबत तोरांचे लोणचे आणि भाजलेला सुका बांगडा अशी न्याहारी दिली व आम्हाला त्यांच्या सासऱ्यांच्या हवाली केले. वय 78, पायांत चप्पल नाही, आणि बांधावरून चालण्याचा वेग असा की आम्ही दोघेही मागे.

खाजन म्हणजे काय ते बांधावर उभे राहिल्याशिवाय समजत नाही. एका बाजूला भरतीची खाडी, दुसऱ्या बाजूला तिच्या पातळीपेक्षा खाली पसरलेले भात, आणि मधे चिखल व चिऱ्यांचा बांध. बांधात ठिकठिकाणी 'मानस', म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारी मोरी, असते. तिची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. कुणी चावी फिरवावी लागत नाही. जूनच्या पहिल्या पावसांनी जमिनीतले मीठ धुऊन या दारांतून बाहेर काढायचे, मग मोड आणलेले बी फेकायचे, हा क्रम शतकांचा आहे. संपूर्ण गोव्यात अशी जमीन सुमारे 18 हजार हेक्टर मानली जाते, परंतु तिच्यातली बरीच आज पडीक आहे. कुर्ल्यांनी बांधाला पाडलेली भोके वेळीच बुजवली नाहीत, गावकारीची, म्हणजे गावच्या सामाईक कारभाराची, जुनी शिस्त ढिली झाली, काही ठिकाणी मासळीच्या लिलावासाठी खारे पाणी मुद्दाम आत ठेवले गेले, आणि एकदा आत आलेल्या पाण्यामागून कांदळवन आले.

आजोबा एका कुणग्यात, म्हणजे भाताच्या तुकड्यात, उतरले आणि लोंबी हातात घेऊन म्हणाले, "मीठ सोसता तेंच भात हांगा जगता." मग मराठीत, बहुधा आमच्या सोयीसाठी, त्यांनी जे सांगितले ते मला या संपूर्ण प्रवासातले सर्वांत मोलाचे वाटले. ज्या वर्षी बांध धड असतो त्या वर्षी लोक 'ज्योती' हा वाण पेरतात, कारण उत्पन्न जास्त येते. ज्या वर्षी बांध फुटतो त्या वर्षी सगळेच कोरगुटाच्या मागे धावतात. आता बांध कधी फुटेल हे आधी कुणाला ठाऊक असते? म्हणून खाऱ्या भाताच्या बियाण्याला एका वर्षी गिऱ्हाईक नाही आणि दुसऱ्या वर्षी गिऱ्हाइकाला बी नाही. पूर्वी प्रत्येक घरात पेंढ्याच्या मुडीत कोरगूट बांधून ठेवलेले असे, लागो वा न लागो. मुड्या बांधणारे हात गेले आणि तो साठाही गेला.

काकांनी तिथेच बांधावर बसून वहीत तीन नावे लिहिली : दिवाडी, पनवेल, कुमठे. उत्तर कन्नडातल्या कुमठा तालुक्यात अघनाशिनीच्या मुखाशी माणिकट्ट्याच्या गजनी जमिनीत 'कग्गा' नावाचे खारे भात होते. काका नोकरीत असताना ते पाहून आले होते. एकाच वर्षी या तिन्ही खाड्यांचे बांध फुटण्याचा संभव कमी, तेव्हा राखीव बियाणे तिघांनी मिळून ठेवले तर कुणा एकाला न परवडणारी गोष्ट तिघांना परवडेल, असा त्यांचा विचार. मला तो ऐकताक्षणी पटला आणि त्याच क्षणी त्यातली अडचणही दिसली. कग्गा दिवाडीच्या पाण्यात कसे वागेल? खाडीखाडीतले मीठ, पाणी साचण्याचा काळ आणि चिखल वेगळा. आजोबांना विचारले तर त्यांनी एवढेच म्हटले की मूठभर आणा, एका कोपऱ्यात टाकू, भात स्वतःच सांगेल.

दुपारी सुंगटांचे, म्हणजे कोळंबीचे, हुमण आणि भात. सुंगटे त्याच मानशीजवळच्या पोंयीतली, म्हणजे खोलगट डोहातली. संध्याकाळी चारनंतर आकाश काळवंडले आणि अर्ध्या तासात असा पाऊस आला की अंगणात वाळत घातलेले भात आम्ही सहा जणांनी मिळून ताडपत्रीसकट पडवीत ओढले. वहिनी घाम पुसत म्हणाल्या, "ऑक्टोबरात हे रोजचेच." बियाण्याच्या भातात ओलावा 13 टक्क्यांच्या वर चालत नाही. दिवसभर वाळवून दाताखाली कट्ट आवाज यायला लागलेला दाणा, संध्याकाळच्या दमट हवेत पुन्हा मऊ पडतो. गोव्यात पेरल्या जाणाऱ्या भाताच्या बियाण्यासाठी घाटापलीकडे पाहावे लागते त्याचे कारण गोव्याच्या शेतकऱ्याचा आळस नव्हे, ही हवा आहे.

तिसरा दिवस, रविवार : खोला

रविवारी दक्षिणेकडे काणकोण तालुक्यातल्या खोल्याला गेलो. मडगावपर्यंतचा रस्ता सांगण्यासारखा नाही. पुढे डोंगर जवळ येतात आणि वाटेत एका लहान खाणावळीत अळसांद्यांचे तोणक व गरम पोई मिळाली, ती मात्र सांगण्यासारखी होती. खोल्याची मिरची डोंगरउतारावर, निव्वळ पावसाच्या पाण्यावर होते. आम्ही गेलो तेव्हा झाडांवर हिरव्या-लाल मिरच्या एकत्र होत्या आणि वाळवणीला सुरुवात व्हायची होती.

ज्यांच्या उतारावर गेलो त्या ताईंनी बियाण्यासाठी राखलेली झाडे रंगीत चिंधी बांधून वेगळी केली होती. मिरचीत परपरागीकरण बऱ्याच प्रमाणात होते. म्हणून प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या वाणापासून 200 मीटर आणि पायाभूत बियाण्यासाठी 400 मीटर अंतर ठेवावे लागते. उतारावरच्या तुकड्यांत ते अंतर जंगलच राखते, पण खाली वाडीत कुणी संकरित मिरची लावली की मधमाशी सीमा मानत नाही. भौगोलिक मानांकनाने खोला मिरचीचे नाव सुरक्षित झाले आहे, परंतु मानांकन नावाचे रक्षण करते, बियाण्याच्या शुद्धतेचे नाही. बियाण्यावरच्या हक्कासाठी 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्यांचे वाण म्हणून नोंदणीची वेगळी वाट आहे. याच कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. अट एवढीच की संरक्षित वाणाचे बी स्वतःचे छापील नाव लावून ब्रँड म्हणून विकता येत नाही. ताईंना हे ठाऊक नव्हते. त्यांचा समज असा की बी शेजारणीला विकले तर दंड होतो.

बी बाहेर द्याल का, असे मी विचारले. त्या हसल्या आणि म्हणाल्या की मिरच्या हव्या तेवढ्या न्या, भाऊ, पण बी कुडाळला नेऊन तिथली मिरची 'खोल्याची' म्हणून विकणार असाल तर नाही. मला हे उत्तर योग्य वाटले. सहकार्य म्हणजे सगळे बी सगळ्यांना देणे, असा भाबडा अर्थ आम्ही निघताना मनात धरला होता, तो खोल्याच्या उतारावर गळून पडला. खाऱ्या भाताला शेजारी हवे आहेत. खोला मिरचीला अंतर हवे आहे.

इथे येणाऱ्यांनी सकाळी लवकर यावे, पायांत घसरणार नाहीत अशी पादत्राणे घालावीत आणि मिरची घ्यायची असल्यास थेट उत्पादकांच्या घरून घ्यावी. ओले बी प्लॅस्टिकच्या पिशवीत मुळीच आणू नये, कापडी थैलीत आणावे. काकांनी जागोजागी घेतलेल्या प्रत्येक नमुन्यावर गाव, तारीख आणि देणाऱ्याचे नाते लिहिले होते : 'दिवाडी, वहिनींचे सासरे'.

चौथा दिवस, सोमवार : केरी, सत्तरी

चोर्ला घाटाच्या पायथ्याचे केरी हे तिन्ही राज्यांना सोयीचे गाव. घाट चढला की बेळगाव, उत्तरेला दोडामार्ग. देवळाच्या मंडपात आम्ही चौदा जण जमलो. बेळगावकडून आलेल्या चौघांनी येताना कुंदा आणला होता, त्यामुळे वातावरण पहिल्याच पाच मिनिटांत निवळले.

काकांनी फळा मागवून साधा हिशेब मांडला. भाताची बीजवाढ पुस्तकात एकास ऐंशी धरतात. दहा किलो पैदासकार बियाण्यापासून पहिल्या हंगामात 800 किलो पायाभूत बियाणे, दुसऱ्या हंगामात त्यापासून 640 क्विंटल प्रमाणित बियाणे. हेक्टरी साठ किलोने फेकले तरी हजार हेक्टरांना पुरून उरेल. "म्हणजे अडचण बियाण्याच्या प्रमाणाची नाहीच," ते म्हणाले, "दहा किलो बी मी खांद्यावरून आणीन. अडचण आहे ती मागणी आधी कळवण्याची." पैदासकार बियाण्याची मागणी राज्याकडून केंद्राकडे आगाऊ जावी लागते. बांध फुटल्यावर केलेली मागणी दोन-तीन हंगामांनी फळाला येते, तोवर शेतात कांदळवन उगवलेले असते.

बेळगावच्या पूर्वेकडच्या गावातल्या एका अण्णांनी त्यांच्या बाजूने स्पष्ट सांगितले. त्यांच्याकडे कापणीनंतर कोरडी हवा, विहिरीचे पाणी, वाळवणाचे खळे आणि चाळणी यंत्र आहे; 'गोवा धान' लावून द्यायला हरकत नाही. पण त्या बियाण्याला त्यांच्या भागात एकही गिऱ्हाईक नाही. गोव्याने उचलले नाही तर ते भात गिरणीतच जाणार, आणि लाल उकड्या तांदळाला तिकडे भाव नाही. लेखी करार हवा आणि निम्मी रक्कम आधी हवी. गोव्याच्या मंडळींपैकी एकाला हे व्यापारी वाटले. मला त्यात काही गैर दिसले नाही, कारण जोखीम ज्याच्या खळ्यावर त्याने भाव बोलावा.

मग विषय सरकारी मान्यतेवर आला. राज्य समितीने प्रसारित केलेला वाण त्या राज्यापुरता असतो. शेजारच्या राज्यात त्याची शिफारस व्हायला पुन्हा चाचण्या, पुन्हा वर्षे. दुसरीकडे, 2014 साली भारत, बांगलादेश आणि नेपाळ यांनी सहमतीने ठरवले की एका देशात प्रसारित झालेला भाताचा वाण, सारख्या हवामानाच्या भागासाठी, त्याच चाचण्यांच्या आधारे दुसऱ्या देशात प्रसारित करता यावा. पुढे कंबोडिया आणि श्रीलंकाही त्यात आले. सार्क देशांनी त्याआधी 2011 मध्ये सामाईक बियाणे पेढीचा करार केला होता. आमच्यातला एक तरुण म्हणाला, "ढाक्याचे भात कटकला चालते, मग दिवाडीचे पनवेलला का चालू नये?" त्याच्या बोलण्यात अतिशयोक्ती होती, केंद्राच्या अधिसूचनेत एकाहून अधिक राज्ये येऊ शकतात आणि तशी येतातही. पण प्रश्न निरुत्तर करणारा होता खरा. 2015 च्या नोव्हेंबरात आशियाई बियाणे परिषद याच गोव्यात भरली होती, हे कुणीतरी सांगितले तेव्हा मंडपात हशा पिकला. खंडभराचे व्यापारी इथे येऊन गेले आणि चोर्ल्याच्या वर-खालचे आम्ही पहिल्यांदा भेटत होतो.

जेवणात खतखते, भात आणि सोलकढी. जेवणानंतर जे ठरले ते थोडके आहे. पुढल्या उन्हाळ्यात बेळगावकडे पाण्याची सोय असलेल्या दोन एकरांवर 'गोवा धान 1' चे बीजोत्पादन. भेसळ काढायला फुलोऱ्यात आणि कापणीआधी आमच्यातले दोघे जाणार. वाहतूक गोव्याकडे, निम्मी रक्कम आगाऊ. आमच्या गटाने वेंगुर्ल्याच्या काजू वाणांची कलमे बेळगावकरांना बांधून द्यायची, कारण ओली हवा कलमांना मानवते. कुमठ्याला पत्र काकांनी लिहायचे. लेखी मसुद्यात 80 टक्के उगवण आणि 98 टक्के शुद्धता ही प्रमाणित बियाण्याची मानके जशीच्या तशी घातली, म्हणजे वाद झाला तर मोजायला फूटपट्टी एकच राहील.

दोडामार्गमार्गे परतताना पुन्हा पाऊस लागला.

घरी आल्यावर काकांच्या सांगण्यावरून मी चार आठवडे थांबलो, कारण ताज्या भाताला कधी कधी सुप्तावस्था असते आणि घाईने केलेली चाचणी फसवते. मग दिवाडीचे कोरगूट, बेळगावच्या अण्णांनी दिलेले 'जया' वाणाचे भात, आणि आमच्या शेतातल्या न पडलेल्या भागाचे भात, असे तीन नमुने 300 ग्रॅम मीठ घातलेल्या दहा लिटर पाण्यात टाकले, वर तरंगलेले पोकळ दाणे काढले, तळाचे धुऊन घेतले आणि प्रत्येकाचे शंभर दाणे ओल्या गोणपाटावर ओळीने मांडून गुंडाळी केली. चौदाव्या दिवशी मोजले. बेळगावचे 94, दिवाडीचे 86, आमचे 71. आमची उरलेली चार पोती त्याच संध्याकाळी गिरणीत पाठवली.